पाणी कुठवर येतं

साहेबांनी विचारलं, पाणी कुठवर येतं?
मी स्टाफ धरून उभा, घोट्याइतका गाळात,
तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या सरळ ठेवत.
रंभाबाई टरबुजाच्या आळ्यात तांब्या ओतत होती.
तिनं मान वर न करताच विचारलं,
कोणत्या महिन्यात?

नकाशावर जेटी आहे. नव्वद मीटर, तीस खांब,
टोकाला छत्री, छत्रीखाली दोन माणसं,
एकाच्या हातात आइस्क्रीम.
पाणी इतकं निळं
की आमच्या नाथसागरानं तसला रंग कधी पाहिला नसेल.
काठाला पेव्हर ब्लॉक, ब्लॉकला रेलिंग,
रेलिंगपाशी 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव,
त्यातली वेलांटी चुकलेली.

वीस वर्षं झाली, मी लोकांच्या हद्दी धरतोय.
रस्ता मोजला की रस्ता तिथंच सापडतो दुसऱ्या दिवशी.
धुरा हलतो, पण रात्रीतून, आणि कोणी हलवला ते गावाला ठाऊक असतं.
हा काठ उघड्यावर हलतो.
ऑक्टोबरात देवळाच्या पायरीला लागलेला,
मे महिन्यात पार कोसभर आत.
मधल्या जमिनीला लोक गाळपेर म्हणतात;
पाणी एक पाऊल मागं सरलं
की माणसं एक ओळ काकडी पुढं लावतात,
तिच्यापुढं रोहित पक्षी, एका पायावर,
आणि पक्ष्यांच्या पुढं लिळ्यांची जाळी.
एवढ्या गर्दीत खांब क्रमांक एक कुठं रोवायचा?

बैठकीत उपसरपंच बोलले, साठ पोरांना काम लागंल.
खोटं कसं म्हणू? माझाच पोरगा
चाकणला कंपनीत रात्रपाळी करतो.
जैनूभाई होड्यांना डांबर लावतो, तो म्हणाला,
बांधा की, पण खालून बांधा,
पाणी उतरलं तरी होडी लागली पाहिजे.
मास्तर म्हणाले, नैसर्गिक किनारा आहे, तसाच राहू द्या.
तेव्हा कोपऱ्यातून गयाबाई हसली,
दात नसलेलं, मोठ्यानं.

नैसर्गिक कशाचा, मास्तर?
म्या सासरी आले तवा हितं खळं व्हतं,
ज्वारीची कणसं तुडवायला बैल फिरायचे.
गंगा तिकडं खाली, लांब.
मग धरण झालं, अन् सरकारनं
हा काठ आमच्या दारात आणून टाकला.
घाट तर हाय की आपला!
जुन्या गावाचा, घडीव दगडाचा, बावीस पायऱ्यांचा.
बांधणाऱ्याला वाटलं असंल, नदी हितंच राहील.

कोणी काही बोललं नाही.
तो घाट मी पाहिलाय, दुष्काळाच्या साली,
पायऱ्यांवर शिंपले, कडेला एक उखळ.
उतरत गेलो तर शेवटच्या पायरीखाली
भेगाळलेली माती आणि एक चप्पल.

तरी मला वाटतं,
आणून टाकलेला का असेना,
पन्नास वर्षांत हा काठ, काठ व्हायला शिकलाय.
कुठं उथळ राहायचं, कुठं बाभूळ बुडवायची,
कोणाला किती दिवस बसू द्यायचं.
त्याला आता पुन्हा कोणी
सरळ उभं राहा म्हणू नये.
असं वाटतं, आणि संध्याकाळी हेही वाटतं
की दिवे लागले असते तर बरं दिसलं असतं.
बैठकीत मी दोन्हींतलं काहीच बोललो नाही.
मी स्टाफ धरणारा.

साहेबांनी वहीत लिहिलं, 'पाण्याची रेषा',
पुढं पेन्सिलीनं टिंब टिंब टिंब.
ऊन चढलं. अकराव्या खांबाची खुंटी
नेमकी रंभाबाईच्या वेलावर येत होती.
तिनं वेल उचलून बाजूला केला,
खुंटी ठोकू दिली,
मग वेल परत तिथंच ठेवला, खुंटीवरून.
एक टरबूज बुक्कीनं फोडलं,
मधला लाल गर साहेबांना, कडेचा मला.
आम्ही उभ्यानंच खाल्लं,
आणि बिया थुंकल्या
खांब क्रमांक अकराच्या भोवती.